आधी उकल की आधी वाचन?

जनुक वाचलं जातं म्हणून गुणसूत्र त्या जागी सैल होतं, की गुणसूत्र सैल होतं म्हणून जनुक वाचता येतं? माझ्या थोरल्या बहिणीनं उभा जन्म महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. तिचं उत्तर ठरलेलं आहे: आधी उकल, मग वाचन. माझी मुलगी क्रोमॅटिनवर संशोधन करते, तिचा बहुतेक वेळ संगणकासमोर जातो, आणि आत्याचं हे उत्तर तिला मान्य नाही. दोघींचा वाद चालतो तो फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत सापडणाऱ्या महाकाय गुणसूत्रांवरून. आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी. ही ड्रॉसोफिला, पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारं तांबड्या डोळ्यांचं चिलट. विज्ञानावर लिहिणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे मी दोघींना बोलतं केलं, अडलं तिथे विचारलं, आणि जिथे माझं मत झालं तिथे ते नोंदवलं आहे.

आत्या: आधी ही वस्तू काय आहे ते नीट सांगू दे. एरवी गुणसूत्र पाहायचं तर पेशी विभागायला लागेपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा ते इतकं आवळलेलं असतं की जनुकांचं वाचन जवळपास बंद पडलेलं असतं. वाचन जोरात चालू असतं तेव्हा सूत्र इतकं बारीक पसरलेलं असतं की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही हाती लागत नाही. लाळग्रंथीत ही अडचण नाही. तिथली पेशी विभागत नाही, पण डीएनए मात्र दुप्पट करत राहते. असं दहा वेळा झालं की एका सूत्राची १,०२४ सूत्रं होतात आणि ती सगळी एकमेकांना लागून राहतात. वर आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्रही चिकटलेलं असतं. मागावर ताणा लावलेला असतो ना, त्यातल्या प्रत्येक धाग्यावर नेमक्या त्याच जागी रंगाचा ठिपका असला तर लांबून आडवा पट्टा दिसेल, आणि एकट्या धाग्यावर काहीच दिसणार नाही. तसं हे आहे. काळे पट्टे म्हणजे डीएनए दाटून बसलेल्या जागा, मधल्या फिकट पट्ट्या म्हणजे विरळ जागा.

भाची: आणि हे सगळं पेशी तुझ्या सोयीसाठी करत नाही हेही सांग. अळीला कोष करताना बाटलीच्या काचेला चिकटून बसायचं असतं. त्यासाठी लागणारा गोंद ही ग्रंथीच बनवते, आणि थोड्या वेळात भरपूर बनवते. म्हणून पेशी मोजक्या, पण प्रत्येकीत जनुकांच्या प्रती हजारांनी.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८८१ मध्ये एदुआर बाल्बियानी यांनी कायरोनोमस या डासासारख्या दिसणाऱ्या कीटकाच्या अळीत ही जाड, पट्टेदार सूत्रं पाहिली. ती गुणसूत्रंच आहेत हे कळायला १९३३ साल उजाडलं. त्या वर्षी जर्मनीत हाइट्झ आणि बाउअर यांनी आणि टेक्सासमध्ये पेंटर यांनी ते स्वतंत्रपणे दाखवलं. १९३५ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी फळमाशीच्या महाकाय गुणसूत्रांचा नकाशा काढला: एकूण १०२ विभाग, प्रत्येकाचे ए ते एफ असे सहा उपविभाग. पुढे '९३-डी' किंवा '७४-ईएफ' असं येईल, ते या नकाशावरचे पत्ते आहेत. डीएनएचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं त्या काळात, निव्वळ डोळ्यांनी आणि हातानं काढलेला हा नकाशा आजही प्रयोगशाळांत वापरला जातो. ब्रिजेस यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो यासाठी.

आत्या: माझ्या विद्यार्थ्यांना मी हे हातानं करायला लावायची. बाटलीच्या भिंतीवर चढून आलेली अळी घ्यायची. चढली म्हणजे तिनं खाणं सोडलं, आता ती कोष करण्याच्या बेतात आहे. सलाइनच्या थेंबात एका सुईनं तिचं अंग धरायचं आणि दुसरीनं तोंडाचे काळे आकडे पकडून हलकेच ओढायचं. आकड्यांमागून दोन लांबट, पारदर्शक पिशव्या बाहेर येतात. कडेला चरबीची पांढरी पट्टी असते, ती सोडवायची. ग्रंथी ऑर्सीनच्या रंगात ठेवायची, वर कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाब. अंगठा जरा सरकला की गुणसूत्रांचे तुकडे. नीट जमलं तर मध्ये एक गर्द ठिपका दिसतो, त्यातून पाच लांब भुजा निघालेल्या आणि चौथ्या गुणसूत्राचं एक इवलंसं टोक. त्या भुजांवर मध्येच एखादा पट्टा फुलून सुजल्यासारखा होतो, कडा धूसर होतात. हाच फुगवटा. इथे जनुक वाचलं जातंय. पुस्तकात शंभर वेळा वाचलेलं मुलांना तिथे एकदा दिसतं.

भाची: तिथेच माझी हरकत आहे. तू फुगवटा दाखवतेस आणि वाचन म्हणतेस. मधला दुवा कुठे आहे?

आत्या: दुवा आहे. १९५२ मध्ये व्होल्फगांग बेअरमन यांनी कायरोनोमसच्या वेगवेगळ्या अवयवांतली गुणसूत्रं शेजारी ठेवून पाहिली. पट्ट्यांचा क्रम सगळीकडे तोच, फुगवट्यांच्या जागा मात्र अवयवागणिक वेगळ्या. पुढे आरएनएत जाणारं किरणोत्सारी युरिडीन देऊन पाहिलं, तर नवा आरएनए, म्हणजे वाचनातून निघणारी प्रत, नेमका फुगवट्यांवर जमा झाला. आणि बेअरमन यांचा १९६१ चा प्रयोग तर मला आजही थक्क करतो. कायरोनोमसच्या एका जातीत लाळग्रंथीच्या काही ठरावीक पेशी लाळेत कण सोडतात, दुसऱ्या जवळच्या जातीत ते कण नसतात. पहिल्या जातीत त्या पेशींमध्ये एक मोठा फुगवटा असतो, दुसरीत नसतो. दोन्ही जातींचा संकर केला तर फुगवटा फक्त पहिल्या जातीकडून आलेल्या गुणसूत्रावर उठतो. एकाच केंद्रकात शेजारी शेजारी असलेली दोन सूत्रं, एक फुललेलं आणि दुसरं मिटलेलं. आणखी कसला दुवा हवा तुला?

भाची: हा प्रयोग सुंदरच आहे. पण त्यातून फुगवटा आणि वाचन एकत्र येतात एवढंच सिद्ध होतं, आधी कोण ते नाही. बाल्बियानी कडं घे, म्हणजे कायरोनोमसमधला सगळ्यात मोठा फुगवटा. तिथलं जनुक सुमारे ४० हजार अक्षरांचं आहे. त्याच्यावर जनुक वाचणारी यंत्रं, म्हणजे पॉलिमरेज, एकामागून एक धावत असतात आणि प्रत्येकाच्या मागे लांबत जाणारा आरएनए, त्यावर चढलेली प्रथिनं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हे आरएनएचे कण ५० नॅनोमीटरच्या आसपास दिसतात. एवढा माल हजारो प्रतींवर एकाच जागी तयार होत असेल तर ती जागा फुगणारच. फुगवट्याचा बराचसा आकार या मालाचाच आहे. ॲक्टिनोमायसिन देऊन वाचन थांबवलं की कडं आकसतं. मग कारण कोण आणि परिणाम कोण?

इथे ताई थोडा वेळ गप्प बसली. ॲक्टिनोमायसिनचा पुरावा तिला माहीत होता. पण फुगवटा टिकवायला वाचन लागतं, एवढंच त्यातून ठरतं. फुगवटा सुरू कशानं होतो हे ठरत नाही. मला वाटतं, वादाचा खरा गाभा इथे आहे. 'आधी काय' असा एकच प्रश्न विचारला की सुरुवात, मध्य आणि शेवट एकत्र मिसळून जातात, आणि दोघीही बरोबर ठरतात किंवा दोघीही चूक. मी विषय उष्णतेवर नेला. फुगवटा कोणत्या क्षणी सुरू झाला हे मिनिटाच्या हिशेबानं सांगता येतं ते तिथेच.

१९६० च्या सुमारास इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींवर काम करत होते. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी अळ्यांच्या उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसा यांनी ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या तर आधीचे फुगवटे दबलेले आणि भलत्याच जागी नवे उठलेले. १९६२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याआधी एका नामांकित नियतकालिकानं हा लेख महत्त्वाचा नाही म्हणून परत पाठवला होता. १९७४ मध्ये टिसिएर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तापमान वाढवलं की पेशी ठरावीक नवी प्रथिनं बनवू लागतात. हीच उष्णताघात प्रथिनं. जिवाणूंपासून माणसापर्यंत सगळ्यांत ती आहेत, आणि त्यांचा शोध सुरू झाला तो एका अळीच्या लाळग्रंथीत.

आत्या: बघ. २५ अंशांवरून ३७ अंशांवर नेलं की काही मिनिटांत ८७-ए आणि ८७-सी या जागा फुलतात. तिथे एचएसपी-७० या उष्णताघात प्रथिनाचं जनुक आहे. बंद होतं, उघडलं, वाचलं गेलं.

भाची: बंद नव्हतं ना, आत्या! जॉन लिस यांच्या प्रयोगशाळेनं १९८६ मध्ये दाखवलं की उष्णता देण्याच्या आधीच त्या जनुकाच्या तोंडाशी पॉलिमरेज बसलेलं असतं. ते वाचायला सुरुवात करतं, वीस-चाळीस अक्षरं जातं आणि थांबून राहतं. उष्णता आली की फक्त पुढे सुटतं. तुझ्या डोळ्यांना तो पट्टा गच्च मिटलेला दिसत होता, आणि वाचणारं यंत्र मात्र आत हजर होतं. उघडं आणि बंद अशा दोनच अवस्था मानून चालत नाही.

आत्या: हे मला मान्य. पण तू त्याच प्रयोगशाळेचं २००८ चं काम का सांगत नाहीस?

भाची: सांगणारच होते. पीटेश आणि लिस यांनी माशीच्या पेशींत एचएसपी-७० वरचे न्यूक्लिओसोम क्षणाक्षणाला मोजले. न्यूक्लिओसोम म्हणजे हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती डीएनएचा वेढा. क्रोमॅटिन बनतं ते अशा वेढ्यांचं. उष्णता दिल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत ते जनुकावरून सैल होऊ लागले. पॉलिमरेज तिथवर पोचायच्या आधी. ही उकल जनुकाच्या शेवटाशीही थांबली नाही, पुढे सीमा आखणारे डीएनएचे तुकडे आहेत तिथवर गेली. वाचन औषधानं रोखलं तरी ती झाली.

आत्या: म्हणजे आधी उकल.

भाची: या जनुकावर, सुरुवातीला, हो. आणि टुलिन आणि स्प्रॅडलिंग यांनी २००३ मध्ये लाळग्रंथीतच दाखवलं की पार्प नावाचं एन्झाइम नसेल तर उष्णतेचे फुगवटे उठत नाहीत आणि एचएसपी-७० ही नीट वाचलं जात नाही. क्रोमॅटिनमधल्या प्रथिनांना एडीपी-रायबोजच्या लांब शेपट्या जोडणं हे पार्पचं काम. त्या शेपट्यांमुळे ती प्रथिनं डीएनएवरची पकड सोडतात. इथवर सगळं तुझ्या बाजूनं. आता सॅलिसिलेटचं ऐक. १९९६ मध्ये टोरांटोच्या गटानं माशीच्या लाळग्रंथींना सोडियम सॅलिसिलेट दिलं. उष्णतेचं बटण दाबणारं प्रथिन डीएनएला जाऊन चिकटलं, उष्णतेच्या जागी फुगवटे उठले, आणि एचएसपी-७० चं वाचन झालं नाही.

आत्या: फुगवटा आहे आणि वाचन नाही?

भाची: नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तू तो पाहिला असतास तर मुलांना बोट दाखवून सांगितलं असतंस, इथे जनुक वाचलं जातंय.

आत्या: मग पुस्तकातलं वाक्य सुधारायला हवं. पण हे तुझ्याही विरुद्ध जातं. फुगवटा म्हणजे आरएनएचा माल, असं तू म्हणत होतीस. माल नाही आणि जागा फुगली. मग आत भरलंय काय?

भाची: सैल झालेलं क्रोमॅटिन, त्यात शिरलेली प्रथिनं, पाणी.

मला वाटतं सॅलिसिलेटच्या त्या प्रयोगाचं मोल अजून पुरेसं ओळखलं गेलेलं नाही. एका साध्या रसायनानं दोन गोष्टी सुट्या केल्या, ज्या तोवर एकच समजल्या जात होत्या. उकल ही वाचनाची पूर्वतयारी आहे. ती झाली म्हणून वाचन होईलच असं नाही. आणि वाचन जोरात सुरू झालं की आरएनए आणि प्रथिनांच्या भारानं तीच जागा आणखी फुगते, टिकून राहते. ताईचं उत्तर सुरुवातीला लागू पडतं, मुलीचं मध्यावर.

ताईला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं.

आत्या: सुरुवात एवढीच मला दिलीस तरी चालेल, पण रचनेची ताकद तू कमी लेखतेस. १९३० मध्ये मुलर यांनी क्ष-किरण देऊन अशा माश्या मिळवल्या की त्यांच्या डोळ्यांत लाल आणि पांढरे ठिपके मिसळलेले. तांबड्या रंगासाठी लागणारं 'व्हाइट' जनुक त्यांच्यात शाबूत होतं, एक अक्षर बदललेलं नव्हतं. गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसला होता आणि त्यामुळे हे जनुक गुणसूत्राच्या मध्याजवळच्या गच्च हेटेरोक्रोमॅटिनच्या शेजारी जाऊन पडलं होतं. काही पेशींत गच्चपणा त्याच्यावर पसरला, तिथे ते मिटलं आणि डोळ्याचा तेवढा भाग पांढरा राहिला. जनुक तेच, शेजार बदलला. आणि या गच्चपणाचं मुख्य प्रथिन, एचपी-१, सापडलं कुठे? १९८६ मध्ये एल्गिन यांच्या प्रयोगशाळेत, महाकाय गुणसूत्रांवर प्रतिपिंडं टाकून. मधला तो गर्द ठिपका चमकून उठला.

भाची: यावर मी वाद घालणार नाही. फक्त गच्चपणा स्वतः काही करतो असं म्हणू नकोस. आधी एक एन्झाइम हिस्टोनवर खूण करतं, त्या खुणेला एचपी-१ येऊन धरतं, त्यानं शेजारच्या हिस्टोनवर खूण करणाऱ्याला बोलावलं की खूण पुढे सरकते. सूक्ष्मदर्शकात दिसणारा गच्चपणा हा या साखळीचा शेवट आहे.

आत्या: साखळीचा शेवट असला तरी जनुक मिटलं ना? बरं, उलट दिशेनं बघ. नराला एकच एक्स गुणसूत्र, मादीला दोन. तरी एक्सवरच्या जनुकांचा माल दोघांत जवळपास सारखा निघतो. हे नराच्या एक्सवर दिसतं, आणि ते दाखवण्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. ए. एस. मुखर्जी यांनी बेअरमन यांच्यासोबत १९६५ मध्ये किरणोत्सारी युरिडीन वापरून मोजलं, नराचा एकटा एक्स मादीच्या दोन्ही एक्सइतका आरएनए बनवतो. काचपट्टीवरही तो ओळखू येतो. इतर गुणसूत्रांच्या मानानं फिकट, आणि एकच असून जवळजवळ दोनांइतका रुंद. पुढे कळलं की त्याच्यावरच्या हिस्टोन-४ च्या सोळाव्या लायसीनवर ॲसिटिल गट लागलेले असतात आणि त्यामुळे क्रोमॅटिनची घडी सैल राहते.

भाची: मुखर्जींच्याच कलकत्त्यातल्या विद्यार्थ्याचं नावही घे मग. सुभाष लखोटिया. १९७० मध्ये त्यांनी आणि मुखर्जींनी दाखवलं की बेन्झामाइड दिलं तर उष्णतेच्या फुगवट्यांपैकी एकच उठतो, ९३-डी. बाकी सगळे शांत. नंतर बनारस हिंदू विद्यापीठात लखोटिया यांनी या एका जागेवर अनेक दशकं काम केलं. आणि ९३-डी चा आरएनए प्रथिनासाठी नाहीच. तो केंद्रकात राहतो आणि आरएनएवर काम करणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवतो. प्रथिन न बनवणारे आरएनए हा विषय जगभर गाजला तो फार नंतर. आपल्याकडे तो एका फुगवट्यामुळे आधीच सुरू झाला होता.

आत्या: आमच्या शिकवण्यात ९३-डी चं नाव कुणी घेतलं नाही. बाहेरची नावं सगळी पाठ होती.

ताईचं हे बोलणं मला लागलं. आपल्या पदवीच्या वर्गांत अजूनही महाकाय गुणसूत्राची आकृती काढून घेतात, बाल्बियानी कड्याला नाव देतात आणि पुढच्या प्रकरणाकडे जातात. लखोटिया-मुखर्जींचा शोध त्याच आकृतीच्या एका फुगवट्यात आहे. तो सांगायला पाच मिनिटं पुरतात, आणि विद्यार्थ्याला कळतं की हे काम आपल्याकडेही होतं, साध्या सूक्ष्मदर्शकावरही होतं.

मी: आणि पट्ट्यांचं काय? फुगवटे येतात-जातात, पण पट्टे कायम आहेत.

भाची: पट्ट्यांबद्दल एक जुनी कल्पना होती, एक पट्टा म्हणजे एक जनुक. पट्टे सुमारे ५,०००. २००० मध्ये फळमाशीचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा जनुकं १३,६०० च्या घरात निघाली. ती कल्पना तिथेच संपली. पण पट्टे टिकले, आणि ते मला आवडतं. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या कॉर्नबर्ग प्रयोगशाळेनं महाकाय गुणसूत्रांत डीएनएचा कोणता भाग कोणत्या भागाला भिडतो हे मोजलं. आतल्या आत जास्त भिडणारे जे कप्पे निघाले ते पट्ट्यांशी जुळले. आणि तसेच कप्पे साध्या, दोनच प्रती असलेल्या पेशींतही होते. म्हणजे पट्टे ही लाळग्रंथीची खासियत नाही. सगळ्या पेशींत असलेली विभागणी इथे फक्त डोळ्यांना दिसते.

आत्या: १९३५ चा ब्रिजेस यांचा नकाशा तुमच्या संगणकात पुन्हा निघाला, असंच ना?

भाची: बऱ्याच अंशी, हो. आणि मधल्या फिकट पट्ट्यांत नोवोसिबिर्स्कच्या झिमुल्योव यांच्या गटाला सापडली ती सतत चालू असलेल्या घरगुती जनुकांची तोंडं. पेशी कुठलीही असो, ही जनुकं वाचली जातातच. म्हणून फिकट पट्ट्या सगळ्या अवयवांत त्याच जागी दिसतात. काळ्या पट्ट्यांत असतात ती बहुतेक विशिष्ट वेळी, विशिष्ट अवयवात लागणारी जनुकं. फिकट पट्ट्यांवर तर तू कधी फुगवटा दाखवला नसशील. वाचन आहे, आणि फुगवटा नाही.

आत्या: पण जागा सैल आहे. फुगवटा म्हणजे भर, सैलपणा म्हणजे वाट. मी सैलपणाबद्दल बोलतेय.

भाची: ठीक. मग मोठी रचना मोडूनच बघू. माश्यांच्या प्रत्येक प्रयोगशाळेत समतोल राखणारी गुणसूत्रं असतात, ज्यांत जागोजागी तुकडे उलटे बसवलेले असतात. कुरळ्या पंखांची माशी तू पाहिली आहेस, तिच्यात असंच एक गुणसूत्र असतं. २०१९ मध्ये हायडेलबर्गच्या फर्लाँग प्रयोगशाळेनं अशी गुणसूत्रं घेतली आणि एकाच भ्रूणात साध्या आणि उलटसुलट गुणसूत्रांवरचं वाचन वेगळं मोजलं. कप्पे तुटले होते, भिडणारे भाग बदलले होते, आणि बहुसंख्य जनुकांचं वाचन तसंच चालू होतं. रचना मालकीण असती तर असं झालं नसतं.

आत्या: मोठ्या कप्प्यांची रचना मालकीण नाही, हे मान्य. पण मुलरच्या माशीतही तुकडाच उलटा झाला होता, आणि तिथे जनुक मिटलं. फरक एवढाच की तिथे जनुक गच्च भागाच्या कुशीत पडलं. कोण कुणाशेजारी आहे, कोणता न्यूक्लिओसोम कुठे बसला आहे, या लहान रचनेला मी महत्त्व देते. लाखो अक्षरांच्या घड्यांना नाही.

ही विभागणी मला पटली. क्रोमॅटिनच्या रचनेबद्दल बोलताना लोक लहान आणि मोठी रचना सर्रास एकाच वाक्यात घालतात आणि मग एका पातळीवरचा पुरावा दुसऱ्या पातळीवर लावतात. न्यूक्लिओसोमची उकल वाचनाची वाट मोकळी करते हे एचएसपी-७० नं दाखवलं. लाखो अक्षरांचे कप्पे वाचनावर हुकमत चालवतात असं फर्लाँग यांच्या माश्या म्हणत नाहीत. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

मी: आता शेवटाकडे या. फुगवटा मिटतो कसा?

आत्या: ते मी शिकवलं आहे. कायरोनोमसमध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी १९६० मध्ये एक्डायसोन हे कात टाकण्याचं हार्मोन टोचलं, अर्ध्या तासाच्या आत पहिला फुगवटा आला. ते हार्मोन मिळवणंच केवढं अवघड होतं! १९५४ मध्ये रेशीमकिड्याच्या ५०० किलो प्युपांतून २५ मिलिग्रॅम निघालं होतं. पुढे केंब्रिजमध्ये मायकेल ॲशबर्नर यांनी फळमाशीच्या ग्रंथी बाहेर काढून द्रवात ठेवल्या, एक्डायसोन घातलं आणि फुगवट्यांची हजेरी घेतली. ७४-ईएफ आणि ७५-बी हे काही मिनिटांत उठतात, चार तासांत ओसरू लागतात. शंभराहून जास्त उशिराचे फुगवटे त्यांच्यामागून येतात. प्रथिनं बनणंच थांबवलं तर लवकरचे उठतात, पण उशिराचे येत नाहीत आणि लवकरचे मिटत नाहीत. लवकरच्या फुगवट्यांतून बनलेली प्रथिनंच त्यांना मिटवतात आणि पुढच्यांना उठवतात, असा ॲशबर्नर यांचा १९७४ चा निष्कर्ष होता. जनुकांचे रेणू हातात यायच्या आधी केवळ फुगवटे बघून काढलेला. पुढे ही जनुकं वेगळी काढली तेव्हा त्यांची प्रथिनं खरोखरच डीएनएला धरणारी निघाली.

भाची: म्हणजे मिटायलाही नवं प्रथिन लागतं. ते प्रथिन जनुकाचं वाचन अडवतं, आरएनए येणं थांबतं, मग जागा ओसरते. इथे क्रम माझा आहे.

आत्या: ओसरते ती तुझी भर. पण पट्टा पुन्हा आधीसारखा गर्द व्हायला न्यूक्लिओसोम परत जागेवर बसावे लागतात. वाचन अडवणारं प्रथिन आणि न्यूक्लिओसोम बसवणारं यंत्र, यांतलं आधी कोण येतं? ॲक्टिनोमायसिननं ते कळत नाही, तिथे तू मध्येच दांडगाईनं वाचन तोडतेस.

भाची: जिवंत ग्रंथीत बघता येईल. २००६ मध्ये लिस यांच्या प्रयोगशाळेनं उष्णतेचं बटण दाबणाऱ्या त्या प्रथिनाला चमकणारी खूण लावून ते जिवंत केंद्रकात एचएसपी-७० वर येऊन बसताना पाहिलं. तसं आपण हिस्टोनला एक रंग लावू, पॉलिमरेजला दुसरा, एक्डायसोन घालू, मग धुऊन काढू. ७४-ईएफ मिटताना कोणता रंग आधी बदलतो ते क्षणाक्षणाला टिपू. महाकाय गुणसूत्रांत एकाच जागी हजार प्रती आहेत, म्हणून सिग्नल पुरेल. साध्या पेशीत दोन प्रतींवर हे जमणार नाही. ग्रंथी न दुखावता काढायला मला तू लागशील.

आत्या: काढीन. पण भिंतीवर चढून आलेली कुठलीही अळी उचलू नकोस. त्यांच्यातल्या बऱ्याचशांत हार्मोनची लाट आधीच आलेली असते, फुगवटे उठून गेलेले असतात आणि तुला सुरुवात कधीच दिसणार नाही. अळ्यांच्या खाद्यात ब्रोमोफिनॉल निळा घाल. आतडं गडद निळं दिसतं तोवरच्या घ्यायच्या. फिकट पडायला लागल्या की सोडून द्यायच्या.